ब्लिझर्ड ऑफ ऑझ : हा अल्बम नक्की कोणाचा? (२००२ ची सीडी ऐकणाऱ्यांनी जरूर वाचा)

उत्तररात्र

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज टंकाळा (टाइप करायचा कंटाळा) झटकून लिहायला बसलोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बोर्नचा पहिला सोलो अल्बम 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' मी कॉलेजात असताना सीडीवर घेतला. त्यावरच बेस गिटार शिकलो असं म्हटलं तरी चालेल. 'क्रेझी ट्रेन', 'मिस्टर क्राउली', 'आय डोन्ट नो' ही तिन्ही गाणी त्या सीडीवरून एकेक स्वर उचलून बसवली, बोटांना फोड येईपर्यंत. दहा-बारा वर्षं तेच माझ्यासाठी खरं होतं. मागच्या महिन्यात एका मित्राकडे गेलो होतो, त्याच्याकडे जुनी एलपी आहे, त्याने सुई टेकवली आणि 'क्रेझी ट्रेन' सुरू झालं. गिटार तीच, आवाज तोच, पण खालची जमीनच वेगळी! जिथे माझी बोटं आपोआप जायची तिथे बेस जातच नव्हता. मी मित्राला म्हटलं, ही कुठली लाइव्ह आवृत्ती आहे का? तो म्हणाला, अरे हीच मूळ, तुझ्याकडे काय आहे?

माझ्याकडे २००२ ची आवृत्ती होती. तिच्यात बॉब डेझ्लीचा बेस आणि ली कर्सलेकचे ड्रम्स पूर्ण पुसून टाकलेत आणि त्यांच्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नवे वाजवून घेतलेत. दोघंही त्या वेळी ऑझीच्या बँडमध्ये होते, दोघंही मोठे वादक, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण १९८० मध्ये चार माणसांनी एकत्र बसून वाजवलेलं गाणं बावीस वर्षांनी अर्धं खोडून परत लिहायचं, हे मला समजल्यापासून झोप नीट लागलेली नाही. खरंच सांगतोय.

म्हणून हा धागा. तुमच्या मते हा अल्बम कोणाचा? कव्हरवर नाव एकाचं आहे, मान्य. पण आत कोण आहे?

बेसवाला

उत्तररात्र भाऊ, मनातलं लिहिलंत. या विषयावर मी गेली कित्येक वर्षं लोकांशी भांडतोय.

आधी मुळात काय झालं ते सांगतो, कारण हे माहीत नसेल तर २००२ चा राग येणार नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये ब्लॅक सॅबथने, म्हणजे ऑझी ज्या बँडमध्ये गायचा त्याने, ऑझीला काढलं. दारू आणि ड्रग्ज, कामाला येणं नाही, दुसऱ्यांनी तरी किती दिवस थांबायचं. त्यानंतर तो लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पडून होता. शॅरनने, म्हणजे जेट रेकॉर्ड्सवाल्या डॉन आर्डनच्या मुलीने, त्याला उठवलं. मग क्वायट रायट बँडचा गिटारिस्ट रँडी ऱ्होड्स आला, रेनबो बँडमध्ये वाजवून आलेला बॉब डेझ्ली आला, आणि सगळ्यात शेवटी युराया हीप बँडचा ली कर्सलेक. लीच्या येण्याआधी बहुतेक गाणी रचून झाली होती, म्हणून त्याचं नाव रचनेत फक्त 'नो बोन मूव्हीज'ला लागलंय. १९८० च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या रिज फार्म स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. लंडनच्या दक्षिणेला खेड्याच्या बाजूला, शेतघरातला स्टुडिओ. राहायचं तिथेच, वाजवायचं तिथेच.

आता महत्त्वाचं. डेझ्ली आजपर्यंत सांगत आलाय की ठरलं होतं ते एका बँडचं, आणि त्या बँडचं नाव होतं 'द ब्लिझर्ड ऑफ ऑझ'. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा ऑझीचं नाव ठळक मोठं आणि बँडचं नाव अल्बमचं शीर्षक होऊन बसलेलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं बीज पहिल्या दिवशीच पेरलेलं होतं.

आणि शब्द! या अल्बमचे बहुतेक शब्द डेझ्लीने लिहिलेत. ऑझी चालीवर तोंडाला येईल ते गुणगुणायचा, रँडीचे रिफ (गिटारवर परत परत येणारे छोटे तुकडे) असायचे, त्या गुणगुणण्यात शब्द बसवायचं काम बेसिस्टचं. हे किती जणांना माहीत आहे?

सहा_तारा

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

मी गिटार शिकवतो त्यामुळे माझा कान आधी रँडीकडे जाणार, माफ करा. पण त्याच्याकडे नीट कान दिला की मूळ बेस-ड्रम्स का हवेत तेही कळतं.

'क्रेझी ट्रेन'चंच घ्या. सुरुवातीचा रिफ एफ शार्प मायनरमध्ये आहे, काळोखा, दातओठ खाऊन वाजवल्यासारखा. आणि ऑझी गायला लागतो तेव्हा गाणं ए मेजरमध्ये येतं. स्वर तेच, फक्त घर बदललं, आणि बोगद्यातून गाडी उजेडात यावी तसं वाटतं. विद्यार्थ्यांना मी हे आधी फक्त ऐकवतो, नाव सांगत नाही. प्रत्येक वेळी त्या जागेवर कोणीतरी मान वर करतंच.

दुसरं म्हणजे सोलो, गाण्यामधला नुसत्या गिटारचा तुकडा. रँडी आपले सोलो तीन-तीनदा वाजवायचा. एक मध्ये, दोन डावी-उजवीकडे थोडे मागे. कॉपी-पेस्ट नाही हो, १९८० आहे, प्रत्येक वेळी हाताने. रेकॉर्डिंग इंजिनिअर मॅक्स नॉर्मनने हे सविस्तर सांगितलंय. हेडफोन लावून 'क्रेझी ट्रेन'चा सोलो ऐका, कडेला जे किंचित थरथरणारं रुंदपण आहे ते कुठल्या मशीनचं नाही, एकाच माणसाचे तीन हात आहेत ते. इतक्या वेगाचा सोलो तीनदा तंतोतंत वाजवायला काय तयारी लागत असेल विचार करा.

तिसरं, 'मिस्टर क्राउली'चा शेवटचा सोलो. त्याखाली कॉर्ड्स डी मायनर, जी मायनर, सी, एफ, बी फ्लॅट अशा चौथ्या-चौथ्या सुरावर पायऱ्या चढत जातात. ही चाल युरोपच्या जुन्या बरोक संगीतातली, तीनशे वर्षांची. हेवी मेटलच्या पोराने ती उचलली कारण तो घरी क्लासिकल शिकत होता. त्याच्या आईची, डिलोरेसची, नॉर्थ हॉलिवूडमध्ये म्युझोनिया नावाची संगीतशाळा होती, तिथेच तो शिकला आणि तिथेच शिकवायचा. टूरवर असतानाही गावोगाव क्लासिकल गिटारचे शिक्षक शोधून धडे घ्यायचा.

या अल्बमवर 'डी' नावाचा तुकडा आहे, जेमतेम पन्नास सेकंदांचा, ड्रम्स नाहीत, आवाज नाही, नुसती नायलॉनच्या तारांची गिटार. आईसाठी. ऑझीच्या सोलो अल्बमवर ऑझीच नसलेलं गाणं! कोणाचा अल्बम विचारताय ना, त्यातल्या पन्नास सेकंदांचं उत्तर तरी पक्कं आहे.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण एक बाजू राहून जातेय म्हणून लिहिते.

ऑझीला या धाग्यात हळूहळू पाहुणा करून टाकलाय तुम्ही. रँडीचे सोलो थोर, बॉबचे शब्द थोर, सगळं मान्य. पण हाच संच घेऊन दुसऱ्या कोणी गायलं असतं तर आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आपण इथे लिहीत बसलो असतो का? मला वाटतं नसतो.

त्याचा आवाज मोठा नाही. पट्टी मर्यादित, हरकती नाहीत. त्याच वर्षी सॅबथने ऑझीच्या जागी रॉनी जेम्स डिओला घेऊन 'हेवन अँड हेल' काढला, आता डिओच्या ताकदीपुढे ऑझी कुठे? पण ऑझीच्या आवाजात एक हरवलेपण आहे ते शिकून येत नाही. 'गुडबाय टू रोमान्स' ऐका. ते सॅबथला दिलेलं निरोपाचं गाणं आहे, कल्पना त्याची स्वतःची. ज्या मित्रांबरोबर पोरवयापासून बर्मिंगहॅममध्ये वाढला त्यांनी काढून टाकलंय, पुढे काय होणार ठाऊक नाही, आणि हा माणूस रागाचा एक शब्द न काढता गातोय. आवाजावर आवाज चढवून दुहेरी रेकॉर्ड केलंय, तरी आत एकटा माणूस ऐकू येतो. हे बॉबला नाही जमणार, रँडीलाही नाही.

आणि चाली. बेसवाला दादा, तुम्हीच लिहिलंत की ऑझी गुणगुणायचा. मग ते गुणगुणणं म्हणजेच चाल ना? लोक काय गुणगुणत घरी जातात, बेस की चाल? तेव्हा शब्द डेझ्लीचे म्हणून गाणं डेझ्लीचं, असं सरळ होत नाही.

बेसवाला

मंद्रसप्तक ताई, बरोबर पकडलंत. चाल ऑझीची, यात वाद नाही आणि मी तसं म्हणालोही नसतो. माझं म्हणणं इतकंच की ज्याचं जेवढं आहे तेवढं त्याच्या नावावर राहू द्या. ऑझीच्या वाट्यातलं कोणी काही काढून घेतलं नाही, बॉब आणि लीच्या वाट्यातलं काढलं गेलं.

आणि ते २००२ लाच झालं असंही नाही. दुसरा अल्बम, 'डायरी ऑफ अ मॅडमन', १९८१. रेकॉर्डिंगला बेस डेझ्लीचा, ड्रम्स कर्सलेकचे. अल्बम बाजारात यायच्या आधी दोघांना काढलं आणि कव्हरवर नावं छापली रुडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिजची, ज्यांनी त्यावर एक ठोकाही वाजवला नव्हता! फोटोही त्यांचेच. मग कोर्टकचेऱ्या, पैशांसाठी, नावासाठी. त्याच भांडणाच्या ओघात २००२ मध्ये दोन्ही अल्बमवरून मूळ वादनच उडवलं. तो निर्णय कोणाचा होता यावर ऑझी आणि शॅरन या नवरा-बायकोची जाहीर विधानंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

डेझ्ली मात्र पुढे परत आला, 'बार्क अॅट द मून', 'नो रेस्ट फॉर द विकेड', 'नो मोअर टीअर्स', सगळीकडे त्याचा बेस आहे. म्हणजे माणूस कामाचा होता हे त्यांनाही कळत होतं.

कॅसेटवेडी

रच्याकने (बाय द वे), शब्दांचा विषय निघालाच आहे तर 'सुइसाइड सोल्यूशन'बद्दल बोलायलाच हवं.

या गाण्यावरून ऑझीवर अमेरिकेत खटला झाला होता, एका तरुण मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनी केलेला. कोर्टाने तो फेटाळला, अपिलातही १९८८ मध्ये तेच झालं. त्या आईवडिलांच्या दुःखाबद्दल मी काही बोलणार नाही, ते कळण्यापलीकडचं आहे. पण गाणं आत्महत्या करा म्हणत नाही, हे मराठीत समजावणं जास्त सोपं आहे असं मला नेहमी वाटतं. इंग्रजीत 'सोल्यूशन' हा एकच शब्द, आपल्याकडे त्याचे दोन आहेत, उपाय आणि द्रावण. गाण्यात अर्थ द्रावणाचा आहे. बाटलीतलं. दारू म्हणजे हळूहळू घेतलेलं विष, पहिल्या ओळीपासून वाईन आणि व्हिस्की आहे त्यात. ऑझी सांगायचा की एसी/डीसी बँडचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत दारूपायी गेला, त्याच्यावर आहे. डेझ्ली म्हणतो, मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ऑझीच होता.

एवढं वाचल्यावर ते गाणं मी परत ऐकलं आणि काटा आला अंगावर. तुमच्यासमोर उभा असलेला मित्र स्वतःला संपवतोय, तुम्ही ते कागदावर लिहिता, आणि तोच ते माइकसमोर गातो, त्याला वाटतं दुसऱ्या कोणाबद्दल आहे.

ताई, तुमचा मुद्दा आणि दादांचा मुद्दा मला या एका गाण्यात एकत्र दिसतो. शब्द एकाचे, जगणं दुसऱ्याचं.

नवखा_श्रोता

मी मेटल फारसं ऐकत नाही पण धागा शेवटपर्यंत वाचला. 'मिस्टर क्राउली'च्या सुरुवातीला चर्चमधल्यासारखं जे वाजतं ते कोण वाजवतं? आणि नेमकी कुठली आवृत्ती ऐकू? ॲपवर चार-पाच दिसतायत.

सहा_तारा

@नवखा_श्रोता, ते डॉन एअरी, कीबोर्ड. तेही रेनबोचे, पुढे डीप पर्पलमध्ये गेले. बँडचे सभासद नव्हते, पाहुणे म्हणून आले आणि अख्ख्या अल्बमची सगळ्यात ओळखीची सुरुवात करून गेले. पाचवा माणूस म्हणा.

आवृत्ती २०११ ची घ्या. तीसाव्या वाढदिवसाची म्हणून काढली, मूळ बेस आणि ड्रम्स परत आणले. शोधताना वर्ष बघा, २००२ दिसलं तर पुढे जा. २०११ वालीत शेवटी 'गुडबाय टू रोमान्स'चं फक्त गिटार आणि आवाज ठेवलेलं मिक्स आहे, तेही सोडू नका. मूळ अल्बम नऊ गाण्यांचा, चाळीस मिनिटंसुद्धा नाही, एका बैठकीत होतो. आणि 'रेव्हलेशन (मदर अर्थ)' संपता संपता थांबवू नका, ते न थांबता सरळ 'स्टील अवे (द नाइट)'मध्ये घुसतं. तो सांधा म्हणजे कडेलोट आहे.

मंद्रसप्तक

५ जुलै २०२५ चा बर्मिंगहॅमचा, व्हिला पार्कचा कार्यक्रम किती जणांनी पाहिला? मी रात्री जागून पाहिला. पार्किन्सन्समुळे ऑझीला उभं राहता येत नव्हतं, काळ्या सिंहासनावर बसून गायला. सॅबथबरोबरच्या चार गाण्यांआधी त्याने स्वतःची पाच गायली. आय डोन्ट नो, मिस्टर क्राउली, सुइसाइड सोल्यूशन, मामा आय'म कमिंग होम, क्रेझी ट्रेन.

मोजा. पाचातली चार 'ब्लिझर्ड'ची.

इतके अल्बम काढलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी सोबत नेलेली गाणी ती. बसल्या जागी उठायचा प्रयत्न करत होता, खुर्चीचे हात घट्ट धरून. सतरा दिवसांनी, २२ जुलैला गेला. म्हणून मी वर त्याची बाजू इतकी जोरात मांडली, कोणाला लागलं असेल तर राग मानू नका.

बेसवाला

ताई राग कसला. मीही पाहिला तो कार्यक्रम, 'मिस्टर क्राउली'ला रडू आवरलं नाही.

तुम्ही त्याची शेवटची गोष्ट सांगितलीत, मी लीची सांगतो. ली कर्सलेकला प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. त्याची एक इच्छा होती, या दोन अल्बमच्या प्लॅटिनम डिस्क (भरपूर खपाबद्दल मिळणारी मानाची तबकडी) आपल्या भिंतीवर असाव्यात. अमेरिकेत चाळीस लाखांच्या वर प्रती गेल्या 'ब्लिझर्ड'च्या, पण ज्याने ड्रम्स वाजवले त्याच्या घरी एकही डिस्क नव्हती. सगळी भांडणं, कोर्ट, सगळं मागे ठेवून त्याने ऑझीला पत्र लिहिलं, विनंतीचं. आणि डिस्क आल्या. सोबत ऑझीचं पत्र. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ली गेला, तेव्हा त्या भिंतीवर होत्या.

कोणाचं चुकलं, कोणाचं बरोबर, मी आता थकलोय त्या वादाला. पण मरायला टेकलेल्या ड्रमरला स्वतःच वाजवलेल्या रेकॉर्डची डिस्क मागून घ्यावी लागते हे मला आजही पचत नाही.

कॅसेटवेडी

हे माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

रँडीला तर तेवढंही मिळालं नाही. १९ मार्च १९८२, फ्लोरिडातला विमान अपघात, वय पंचवीस. ऑझीबरोबर दोनच स्टुडिओ अल्बम, आणि त्यातल्या दुसऱ्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

उत्तररात्र

धागा टाकताना वाटलं नव्हतं इतकं मिळेल. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री २०११ ची आवृत्ती हेडफोनवर पूर्ण ऐकली, सहा_तारा सरांनी सांगितलं तसं, मध्ये न थांबता. मग 'गुडबाय टू रोमान्स' चार वेळा. तिथे बेस नुसता मूळ स्वर धरून बसत नाही, ऑझी ओळ सोडून श्वास घेतो त्या मोकळ्या जागेत डेझ्ली वर चढतो, दोन-तीन स्वर बोलतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत खाली परत येतो. गाणाऱ्याला हात दिल्यासारखं. शब्द ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक असणार श्वास कुठे पडणार ते! आणि ली त्या पूर्ण वेळात जवळजवळ काहीच करत नाही, नुसता ठोका धरून राहतो, मागे रेलून, घाई नाही. जुन्या सीडीवर हे गाणं मी कंटाळून पुढे ढकलायचो, आज लिहायला लाज वाटतेय.

मंद्रसप्तक ताई, तुम्ही म्हणता तो एकटा माणूस मलाही ऐकू आला. पण त्याच्या पाठीशी तिघं उभे आहेत हेही ऐकू आलं, दोन्ही एकाच वेळी.

आता सगळं पहिल्यापासून शिकायला घेतलंय. 'क्रेझी ट्रेन'ची बोटं इतकी घट्ट बसलीत की चुकीच्या जागीच जातात, वेग अर्ध्यावर आणून वाजवतोय. बेसवाला भाऊ, एक विचारायचं होतं, सुरुवातीला ऑझीची ती हाक आणि हसणं संपल्यावर जो बेस येतो तो पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) की बोटाने? मला पिक ऐकू येतोय.

बेसवाला

मलाही पिकच ऐकू येतो. मधल्या जाडीचा घ्या, मनगट सैल ठेवा आणि पहिले आठ दिवस ड्रम्सबरोबरच वाजवा, गिटारकडे लक्षच देऊ नका. जमलं की रेकॉर्ड करून इथेच टाका.